सपाट पाण्यावर जेट स्की का उसळते?

उभं राहून चालवायच्या जेट स्कीला एक खोड असते. वारा पडलेला असतो, पाण्यावर लाट नसते, तरीही ठरावीक वेग आला की तिचं नाक वर-खाली व्हायला लागतं. आधी जरासं, मग जास्त, आणि थोड्याच वेळात चालवणाऱ्याचे गुडघे धक्के झेलून कंटाळतात. वेग उतरवला की खोड जाते, चढवला की परत हजर. पाण्यावरच्या वेगवान वाहनांच्या दुनियेत याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. मालकाचा पहिला संशय इंजिनावर जातो, दुसरा लाटांवर, आणि मग तो नवे पार्ट मागवायला बसतो. बहुतेक वेळा या तिन्ही दिशा चुकलेल्या असतात. पाणी यंत्राला नेमकं कुठे उचलून धरतंय आणि वजन नेमकं कुठे पडतंय, या दोन जागांचा मेळ बिघडलेला असतो. तो कुठे बिघडला हे शोधायला बराच काळ एका पैशाचाही खर्च येत नाही.

कलंगुटला किंवा तारकर्लीला भाड्याने मिळते ती जेट स्की वेगळी. ती स्कूटरसारखी बसायची, रुंद, जड आणि बरीच समंजस. इथे विषय आहे तो तिच्या हट्टी थोरल्या बहिणीचा. अमेरिकेतल्या क्लेटन जेकबसन या मोटोक्रॉसवेड्या माणसाला १९६०च्या दशकात पाण्यावरच्या मोटारसायकलचं वेड लागलं. त्याच्याशी करार करून कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने १९६८मध्ये बसायची सी-डू काढून पाहिली, पण तो प्रयोग तेव्हा फसला. पुढे कावासाकीने त्याची उभं राहायची कल्पना उचलली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘जेट स्की’ हे नाव देऊन बाजारात आणली. १९९०मध्ये यामाहाची सुपरजेट आली. आजही या प्रकाराबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती बहुधा हीच.

जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटची लांबी साधारण सव्वादोन मीटर, वजन १३० ते १४० किलोच्या घरात. मागे पाय ठेवायचा उघडा ट्रे, पुढे नाकाजवळ बिजागरीवर वर-खाली होणारा दांडा, त्याच्या टोकाला हँडल. दांडा बिजागरीवर मोकळा हलतो, त्यामुळे त्याच्यावर जोर देऊन नाक खाली दाबता येत नाही. चालवणाऱ्याचा भार यंत्रावर उतरतो तो मुख्यतः तळपायांतून.

आता वजनांचा हिशोब मांडू. यंत्र १३५ किलोचं आणि माणूस ७५ किलोचा धरू. म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या एकूण वजनातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग दोन पायांवर उभा आहे आणि मनाला येईल तसा पुढे-मागे सरकतो आहे. हा माणूस दहा सेंटीमीटर मागे सरकला तर सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे साडेतीन सेंटीमीटर मागे जातो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पूर्ण वेगात असताना तळाचा जेमतेम मागचा पट्टाच पाण्याला टेकलेला असतो, आणि एवढ्या आखूड आधारावर साडेतीन सेंटीमीटर पुष्कळ होतात.

आधार आखूड का होतो, यातच उसळीचं मूळ आहे. उभी असताना जेट स्की इतर कुठल्याही होडीसारखी आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढला की तिचा किंचित वर कललेला तळ पाण्याला खाली रेटतो, आणि पाणी तिला वर उचलतं. ही उचल वेगाच्या वर्गाने वाढते. त्याच कोनात वेग दुप्पट झाला तर उचल चौपट. वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून ते पेलायला तळाचा कमी भाग पुरतो. नाक पाण्याबाहेर येतं, मग पोट बाहेर येतं, आणि अखेरीस यंत्र शेपटीकडच्या छोट्याशा भागावर धावू लागतं.

अशा अवस्थेत नाक जरासं उचललं गेलं, असं समजा. तळाचा पाण्याशी होणारा कोन वाढला, म्हणून उचल वाढली, म्हणून अख्खं यंत्र वर आलं. वर आलं तशी पाण्याला टेकलेली जागा आणखी आखडून मागे सरकली. आता पाण्याचा रेटा गुरुत्वमध्याच्या मागे लागतो आहे, त्यामुळे शेपटी उचलली जाते आणि नाक खाली येतं. नाक खाली आलं की कोन कमी, उचल कमी, यंत्र खाली बसतं. बसताना भिजलेली जागा पुढे धावते, रेटा पुढे येतो आणि नाक पुन्हा उचलतो. हे चक्र प्रत्येक यंत्रात सुरू होऊ पाहतं. फरक एवढाच की धावण्याचा कोन माफक असेल तर पाणी प्रत्येक फेरीत हालचालीतली थोडी शक्ती खाऊन टाकतं आणि दोन-तीन डोलांत सगळं शांत होतं. कोन एका मर्यादेपलीकडे गेला की उलट घडतं. प्रत्येक फेरीत थोडी भर पडते आणि डोल वाढत जातो.

ही मर्यादा जेट स्कीवाल्यांनी शोधली नाही. त्यांच्या कितीतरी आधी पाण्यावरून उड्डाण करणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना तिने घाम फोडला होता. पाण्यावर धावताना विमान डोलायला लागलं तर उड्डाण राहतं बाजूला आणि जिवावर बेततं. ब्रिटनमध्ये पेरिंग आणि ग्लाउअर्ट यांनी १९३३मध्ये या डोलण्याचं गणित मांडलं, आणि अमेरिकेत लँगली इथल्या लांबलचक टाकीत विमानांच्या तळांचे नमुने ओढून मोजमापं झाली. होड्यांसाठी हाच प्रश्न १९५२मध्ये डे आणि हाग या वेब इन्स्टिट्यूटच्या दोघा विद्यार्थ्यांनी प्रबंधाला घेतला. डॅनियल सवित्स्की यांनी १९६४मध्ये वेगवान होड्यांच्या तळांवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यात या दोघांचे आलेख घेतले. आलेखांचं म्हणणं थोडक्यात असं: वेग वाढतो तसा चालणारा कमाल कोन कमी होत जातो, आणि सपाट तळापेक्षा व्ही आकाराचा तळ जास्त कोन सहन करतो. उसळी एका ठरावीक वेगालाच का सुरू होते, याचं उत्तर पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे. तुमचा कोन फारसा बदललेला नसतो, मर्यादाच खाली येऊन त्याला भेटते.

तेव्हा दुरुस्ती म्हणजे धावण्याचा कोन कमी करणं, नाक थोडं खाली आणणं. पण त्याआधी आजार हाच आहे ना, याची खात्री करायला हवी, आणि ती कानांनी होते. सपाट पाण्यावर एकाच थ्रॉटलला धरून धावा आणि इंजिनाचा आवाज ऐका. नाक तालात डोलतंय आणि आवाज जवळजवळ एकसारखा आहे, तर तो खरा डोल. आवाज मध्येच चढून किंचाळतो आणि त्याच क्षणी ढकल जातो, तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतोय. आवाज बसतो, यंत्र गचके खातं आणि मग सावरतं, तर इंधन नीट पोचत नाही, कार्ब्युरेटर किंवा फिल्टर बघा, तळाला हात लावू नका. पहिले दोन आजार मात्र एकमेकांना धरून येतात. मोठ्या डोलात तळाचं पाणी घ्यायचं तोंड क्षणभर उघडं पडतं, पंप हवा गिळतो, ढकल तुटतो, नाक आपटतं, पंप पुन्हा पकड घेतो आणि नाक पुन्हा उचललं जातं. अशा वेळी आधी डोल घालवावा, हवेचं नंतर बघावं.

डोल घालवायचा पहिला उपाय म्हणजे पुढे सरकणं. हे इतकं सोपं आहे की अनुभवी लोकही ते करून बघत नाहीत. नवा माणूस घाबरून हात ताणतो आणि ट्रेच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहतो. जुना माणूस उड्या मारायला सोयीचं म्हणून पाय अडकवायचे पट्टे ट्रेच्या मागच्या भागात बसवून घेतो आणि मग सरळ धावतानाही तिथेच अडकून राहतो. दोघांचीही यंत्रं डोलतात. टाचांखाली जाड उंचवटे बसवले असतील, दांडा मूळच्यापेक्षा लांब असेल, तर त्यांचीही चौकशी करावी. माणूस नकळत कुठे उभा राहतो हे अशाच गोष्टी ठरवतात. वीतभर पुढे या, गुडघे वाकवा, छाती हँडलच्या जवळ न्या आणि तोच वेग पुन्हा गाठा. डोल गेला तर यंत्र निर्दोष आहे. बोटाकडेही लक्ष असू द्या. नाक उठलं की थ्रॉटल सोडायचा आणि पडलं की दाबायचा, ही सवय पाळण्याला झोका द्यावा तशी नेमक्या तालात शक्ती पुरवते.

दुसरी तपासणी वजनाची. पोटात पाणी साठलं असेल तर वेग घेताना ते शेपटीकडे धावतं, म्हणून काठावर येताच बुच काढून किती पाणी निघतं ते बघा. ते वाजवीपेक्षा जास्त असेल तर ते कुठून शिरतंय हा स्वतंत्र शोध. खरा लबाड असतो तो फोम. बुडू नये म्हणून या यंत्रांच्या नाकात आणि ट्रेच्या आसपास फोम भरलेला असतो. वीस-पंचवीस वर्षं पाणी खाल्लेला फोम किलोच्या किलो वजन धरून ठेवतो, आणि तेही नेमकं मागे. बाहेरून काही दिसत नाही. टाकी रिकामी करून यंत्र काट्यावर ठेवा आणि मॅन्युअलमधल्या कोरड्या वजनाशी ताडून बघा. दहा-पंधरा किलोचा फरक कुठल्याही जादा पार्टने समजावता येत नसेल, तर फोम भिजला आहे. तो कापून काढणं हे घाण आणि वेळखाऊ काम आहे, पण जुन्या यंत्राला त्याइतका गुण देणारं दुसरं काही नाही. मात्र जागा रिकामी सोडू नये. पाणी न पिणारा, बंद पेशींचा नवा फोम भरावा, कारण पोटात पाणी भरल्यावर यंत्र तरंगत राहतं ते त्याच्याच जिवावर.

आता यंत्र उलटं करून तळ बघायचा. बॅटरी काढायची, इंधन उपसायचं, सुरक्षादोरी काढून खिशात ठेवायची, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या बाजूनेच कलंडवायचं. चुकीच्या बाजूने कलंडवलं तर एक्झॉस्टमधलं पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं, आणि मग उसळीचा प्रश्न फार मागे पडतो.

पंपाच्या खाली तळाला लागून असते ती राइड प्लेट, बोल्टने घट्ट बसवलेली धातूची पट्टी. वेगात यंत्र मुख्यतः हिच्यावर आणि हिच्या लगतच्या तळावर धावतं, म्हणून या दीड-दोन हातांच्या जागेत मिलिमीटरला किंमत आहे. एक स्टीलची सरळ पट्टी तळाच्या मागच्या भागावर लांबीच्या दिशेने ठेवा, प्लेटवरून शेवटपर्यंत न्या, आणि मागून टॉर्च धरून फट कुठे दिसते ते बघा. मधला भाग टेकून टोकं सुटली असतील, म्हणजे तळ बाहेर फुगलेला असेल, तर अर्धा गुन्हा सापडला. पाणी फुगीर पृष्ठभागाला चिकटून वळतं आणि वळताना त्याला आपल्याकडे ओढतं. शेपटी खाली खेचली जाते, नाक वर येतं, कोन मर्यादेबाहेर. काठाच्या खडकावर आपटून प्लेटचं मागचं टोक वर वाकलं असेल तर हेच होतं. उलट तळ आत दबलेला असेल किंवा प्लेटचं टोक खाली झुकलं असेल तर शेपटी उचलली जाते आणि नाक दबतं. डोल येत नाही, पण त्याचे वेगळे भोग आहेत, ते पुढे.

प्लेटची पुढची कड तळाच्या पातळीखाली डोकावत असेल तर तिथे पायरी तयार होते आणि प्रवाह फुटतो. बोल्ट सैल असतील तर प्लेट उभी असताना सरळ दिसते आणि रेट्याखाली वाकते, म्हणून प्रत्येक बोल्ट हाताने तपासावा. जुन्या दुरुस्तीत पुट्टी जाड लागून आलेला उंचवटा पॉलिश पेपरने घासून सपाट करावा. याच वेळी पंपाभोवतीचं सीलंट आणि पाणी घ्यायच्या तोंडावरची जाळी बघून घ्यावी. सीलंटला चीर असेल तर पंप तिथून हवा ओढतो. प्लेटचा कोन बदलायचा असेल तर तिच्या बोल्टखाली पातळ वायसर किंवा पत्र्याचे तुकडे घालतात. मागचं टोक खाली येईल अशा बेताने, एका वेळी एक मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

पैसे काढायची वेळ यानंतर. बाजारात या आजारावर मुख्यतः दोन औषधं मिळतात. एक म्हणजे नॉझलची पाचर. पंप आणि नॉझल यांच्यामध्ये ही तिरकी चकती बसवली की पाण्याचा झोत किंचित खाली रोखला जातो आणि शेपटी वर उचलली जाते. झोत पाच अंशांनी खाली वळला की ढकलाचा साधारण अकरावा-बारावा हिस्सा उभ्या दिशेला मिळतो. ढकल १०० किलोचा धरला तर शेपटीखाली पावणेनऊ किलोचा टेकू. गुरुत्वमध्यापासून तो मीटरभर मागे लागतो असं धरा आणि ७५ किलोच्या माणसाने दहा सेंटीमीटर पुढे सरकण्याशी त्याची तुलना करा. दोन्ही जवळपास सारखेच निघतात. म्हणून आधी पाय सरकवून बघा असं म्हणतो मी. शर्यतीच्या यंत्रांवर पाचरीऐवजी हँडलवरच्या कळीने नॉझल वर-खाली करायची सोय बसवतात. ती उत्तम, कारण सरळ धावताना लागणारा कोन आणि वळताना लागणारा कोन एकच नसतो.

दुसरं औषध लांब राइड प्लेट. आधाराची जागा मागे वाढते, यंत्र शांत होतं, सरळ धावायला छान. पण नाक उचलणं जड जातं आणि लाटेवरून उडी मारायची गंमत कमी होते. ज्याला बोयांभोवती शर्यत करायची आहे त्याने खुशाल बसवावी. बाजूच्या पंखांना, म्हणजे स्पॉन्सनना, लोक उगाच श्रेय देतात. त्यांचं खरं काम वळणावर पकड देण्याचं.

आणि आता ते वेगळे भोग. नाक दाबण्याच्या उत्साहात माणूस फार पुढे जातो. सरळ तळाच्या होड्यांवरच्या प्रयोगांत पाण्याचा विरोध सर्वांत कमी निघतो तो साधारण चार-पाच अंशांच्या कोनाला. कोन त्याहून फार खाली आणला की तळाची जास्त जागा भिजते, घर्षण वाढतं आणि वेग घटतो. नाक पाण्यात रुतून यंत्र डाव्या-उजव्या बाजूला भरकटतं, आणि दुसऱ्या होडीच्या मागची लाट कापताना ते खाली घुसून चालवणारा हँडलवरून पुढे जातो. डोलापेक्षा हे जास्त धोक्याचं. उसळी सुरू व्हायच्या अगदी अलीकडचा कोन हा बहुधा सर्वांत वेगवानही असतो. म्हणून जाणकार रेसर यंत्राला पूर्ण गप्प करत नाहीत, डोल येऊ पाहतो तिथपर्यंत आणून सोडतात. दर बदलानंतर तोच पट्टा दोन्ही दिशांनी, टाकीत तेवढंच इंधन ठेवून धावावा आणि जीपीएसवर वेग बघावा. एका दिवशी दोन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला ते कळायला मार्ग नाही.

काही यंत्रांवर उपचार करूच नयेत. फ्रीस्टाइलसाठी बांधलेले आखूड तळ मुद्दाम मागे फुगीर ठेवलेले असतात. त्या बाकामुळेच ते जागच्या जागी उभे राहतात, उलट्या कोलांट्या घेतात. त्यांना तळ्यावर ताशी ७० किलोमीटरने पळवून ते डोलतात म्हणणाऱ्याने दुसरं यंत्र घ्यावं. २०१७च्या कावासाकी एसएक्स-आरचा मामला याच्या अगदी उलटा आहे. १,४९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, वजन २५० किलोच्या आसपास. इथे चालवणारा एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी भरतो, म्हणून त्याच्या उभं राहण्याच्या खोडी यंत्र फारशा मनावर घेत नाही. जुन्या हलक्या सुपरजेटवर मात्र ६० किलोच्या पोरीने बसवलेली प्लेट तिच्या ९५ किलोच्या भावाला त्याच पाण्यात डोलवते. एका घरात दोघं चालवणारे असतील तर सेटिंग जड माणसासाठी करावं, आणि हलक्याने ट्रेमध्ये थोडं मागे उभं राहावं.